करवंट्या पुरे, आता चपला बघा!

मागच्या अंकात मी एका ओळीत सहज लिहून गेलो होतो की सिनेमातल्या हिरोईनच्या बांगड्या बऱ्याचदा एका मिशीवाल्या माणसाच्या हातात वाजत असतात. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आलेत की संपादकांनी सांगितलं, यावेळचं सगळं पान त्यालाच दे. तर घ्या. आधीच सांगतो, मी स्वतः आवाज काढणारा नाही, मी काचेच्या अलीकडे बसून ते रेकॉर्ड करणारा. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये बरीच वर्षं काढली, त्यामुळे जे बघितलंय ते सांगतो.

प्रश्न : मुलाने मोबाइलवर दाखवलं, एक माणूस नारळाच्या दोन करवंट्या आपटून घोडा पळवतोय. म्हणजे सिनेमातले सगळे आवाज खोटेच का हो? (एक वाचक ताई, सातारा)

ताई, खोटे नाही म्हणणार मी, नंतर केलेले म्हणा. आणि करवंटी खरंच चालते बरं का, आतून पोकळ असल्यामुळे टापेसारखा टॉक टॉक आवाज येतो, पण तो दगडी रस्त्यावरचा घोडा झाला. मातीवरचा पाहिजे तर करवंटीत फडकं कोंबायचं आणि मातीच्या ट्रेमध्ये दाबून मारायचं. खरी गंमत करवंटीत नाहीच, चालीत आहे. घोडा सावकाश चालतो तेव्हा चार ठोके सुटे सुटे पडतात, दुडक्या चालीला दोन-दोन, आणि भरधाव सुटला की ठोक्यांचा एक गुच्छ आणि मग जरा उसंत, कारण त्या क्षणी चारही पाय हवेत असतात. हे ज्याला जमत नाही त्याच्या हातात सोन्याची करवंटी दिली तरी घोडा लंगडतो.

या कामाला फॉली म्हणतात, आणि ते एका माणसाचं आडनाव आहे. जॅक फॉली, अमेरिकेत युनिव्हर्सल स्टुडिओत कामाला होता. १९२७ नंतर तिकडे बोलपटांची लाट आली आणि युनिव्हर्सलचा 'शो बोट' तर मूकपट म्हणून बनलेला, मग १९२९ मध्ये त्याला आवाज चढवायची पळापळ झाली. तेव्हा वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे एकेक आवाज सुटा रेकॉर्ड करून ठेवणं, वगैरे भानगड नव्हती, सगळे एका खोलीत, समोर पडद्यावर सिनेमा चालू, एकीकडे वाजंत्री मंडळी आणि दुसरीकडे फॉली आणि त्याची मंडळी चित्र बघत बघत टाळ्या, पावलं सगळं तिथल्या तिथे करतायत. फॉली पुढे कित्येक वर्षं हेच करत राहिला, १९६७ मध्ये गेला, पण त्याच्या हयातीत पडद्यावर नाव काही यायचं नाही. त्याचा एक किस्सा आमच्या धंद्यात सगळे सांगतात. 'स्पार्टाकस'मध्ये सैन्याच्या चिलखतांचा आवाज नीट आला नव्हता, परत जाऊन शूटिंग करायची वेळ आलेली, तर याने म्हणे किल्ल्यांचे जुडगे खुळखुळवून अख्खी रोमन फौज चालवली.

प्रश्न : शूटिंगला एवढे महागडे माइक असतात, मग तिथलाच आवाज का वापरत नाहीत? (कोल्हापूर)

कारण तो माइक संवादासाठी असतो. बूमवाला टोकाला माइक लावलेली काठी धरून उभा असतो ती हिरोच्या तोंडावर, पायांवर नाही. उलट सेटवर पावलांचा आवाज नको म्हणून चपला-बुटांखाली फेल्ट चिकटवतात, जमिनीवर सतरंज्या टाकतात, कपबशीखाली कापडाचा तुकडा ठेवतात, म्हणजे बोलणं स्वच्छ यावं. आणि सेटवर संगमरवर दिसतो तो प्लायवूड असतो हो! भिंत थर्माकोलची, तलवार फायबरची, दरवाजा एवढा हलका की आपटला तर पुठ्ठ्यासारखा वाजतो. खरा आवाज घेतला तर राजवाड्याचा गणपतीचा मांडव होईल.

आपल्याकडे तर अजून वेगळी गोष्ट आहे. 'आलम आरा' १९३१ चा, तेव्हा आवाज सेटवरच घ्यायचे, स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून रात्री गाड्या थांबल्यावर शूटिंग चालायचं. नंतर साठ-सत्तरच्या दशकात ज्या कॅमेऱ्यांवर आपला सिनेमा चालला ते शिलाई मशीनसारखे घरघर करायचे, त्यामुळे सेटवरचा आवाज फक्त अंदाजापुरता, नंतर सगळं डबिंग. आणि डबिंग म्हणजे काय, नट येऊन संवाद बोलून गेला, पण तो चालला, बसला, चहा प्यायला, पेपर उलगडला, ते सगळं गायब! ते कोण भरणार? फॉलीवाला भरणार. २००१ च्या 'लगान'ने सेटवरच्या आवाजाची पद्धत मोठ्या प्रमाणावर परत आणली, पण तरी आमचं काम कमी झालं नाही. कारण आता प्रत्येक सिनेमा चार भाषांत जातो. तेलुगू सिनेमा हिंदीत करायचा तर तेलुगू संवाद काढून टाकावे लागतात, आणि संवाद काढला की त्याच ट्रॅकवरची पावलं, बांगड्या, भांडी सगळं सोबत जातं. म्हणून संवाद सोडून बाकी सगळं असलेला एक वेगळा ट्रॅक बनवून ठेवावाच लागतो. तुम्ही हिंदीत बघता तो दक्षिणेचा हिरो चालतो ना, ती चाल शंभरातली नव्वद वेळा स्टुडिओतली.

प्रश्न : तुम्ही म्हणता पावलं पण वेगळी रेकॉर्ड करतात. चालायला एवढं काय लागतं? (नाशिक)

या प्रश्नाची मी वाटच बघत होतो. सगळे करवंट्यांचं विचारतात, चपलांचं कोणी विचारत नाही, आणि फॉलीचं निम्म्याहून जास्त काम म्हणजे चालणं आहे, चालणं आणि चालणं.

आमच्या खोलीत जमिनीला चौकोनी खड्डे, एकात वाळू, एकात खडी, एकात माती, मग शहाबादी फरशी, संगमरवर, लाकडी फळ्या, सिमेंट, एक जुना लोखंडी जिना सुद्धा. भिंतीला फडताळ आणि त्यात चपला, शे-दीडशे जोड सहज. सगळे जुने, कारण नवीन बूट नुसते कुरकुरतात. फॉलीवाला पुरुष असला तरी हाय हील्स घालून चालतो, पंचेचाळीस वर्षांचा दणकट माणूस टाचा उंचावून नवरीसारखा हळूहळू चालताना बघितला की पहिल्यांदा हसू येतं, मग डोळे मिटून ऐकलं की हसू बंद होतं. तो जागच्या जागीच चालतो, माइकपासून लांब जाऊन चालत नाही, आणि टाच-चवडा, टाच-चवडा असं वजन फिरवतो. एवढ्यात सगळं येतं, माणूस दमलाय का, रागावलाय का, दारू प्यायलाय का, गुपचूप येतोय का.

एकदा एका गावाकडच्या सिनेमाचं काम होतं, त्यात पाटील वाड्यातून बाहेर येतात. आम्ही मुद्दाम करकर वाजणारी कोल्हापुरी आणली, दिग्दर्शक खूष, म्हणाला आहाहा काय रुबाब. पुढे गोष्टीत पाटलांची जमीन जाते आणि ते परत त्याच वाड्यात शिरतात. तेव्हा आमच्या फॉलीवाल्याने काय केलं, तीच चप्पल रात्रभर तेल लावून मऊ करून ठेवली, कर्र आवाज जवळजवळ गेला, आणि पाऊल जरा घासत टाकलं. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. थेटरात एकाही माणसाला हे कळलं नसणार, पण तो सीन बघताना माझ्या शेजारच्या काकू तिथेच नाक पुसायला लागल्या, आता त्याचं श्रेय चप्पलला द्यायचं की नटाला ते मला माहीत नाही, मी आपलं चप्पलला देतो.

पावलांनंतर कपडे. माणूस नुसता हात उचलतो तरी कापड वाजतं, त्यामुळे अख्खा सिनेमा पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बघत एक माणूस मांडीवर कापड घेऊन चोळत बसतो. सुती साडी वेगळी, पैठणी वेगळी, पैठणी जरा करकरीत सळसळते, जीन्स खसखसते. मग तिसरा भाग वस्तूंचा, कपबशी, कुलूप, विळी, पिशवीची चेन, झोपाळ्याच्या कड्या. काचेच्या बांगड्या आणि सोन्याच्या पाटल्या यांच्यात केवढा फरक असतो ते आपल्या बायकांना सांगायला नको, पण एका सिनेमात श्रीमंत सासूला काचेच्या बांगड्यांचा आवाज लागला होता आणि ते पहिल्यांदा कोणी पकडलं तर चहा घेऊन आलेल्या मावशींनी.

आणि हे सगळं चित्राला चिकटून पाहिजे. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. एखाद्या फ्रेमचा फरक खपतो, दोन-तीन फ्रेम मागेपुढे झालं की प्रेक्षकाला नक्की काय चुकलं ते सांगता येत नाही पण काहीतरी विचित्र वाटायला लागतं. मे महिन्यात एसी बंद, पंखा बंद, कारण दोन्हीचा आवाज येतो, घामाने निथळत काम. पोटात कावळे ओरडतात म्हणतो ना आपण, ते माइकला खरंच ऐकू येतात, त्या आवाजापायी मी कितीतरी टेक फुकट गेलेले बघितलेत.

प्रश्न : घरी मुलांबरोबर करता येण्यासारखं काही सांगा ना. (ठाणे)

भरपूर आहे. आग पाहिजे तर वेफर्सचं रिकामं पाकीट माइकजवळ हळूहळू चुरगाळा, जास्त जोर केला तर आग नाही पाकीटच वाटेल. पाऊस पाहिजे तर कढईत भजी सोडल्यावरचा आवाज, पण तेलाजवळ फोन नेऊ नका, नाहीतर कागदावर तांदूळ सोडा. ढग गडगडवायला पत्र्याची मोठी शीट लटकवून हलवतात, ही नाटकवाल्यांची फार जुनी युक्ती. बर्फात चालायचं असेल तर कॉर्नफ्लोअर एका कापडी पिशवीत घट्ट भरून दाबा, कच्च कच्च असा अगदी तोच आवाज येतो. महाबळेश्वरच्या पलीकडे थंडी न बघितलेल्या माणसालाही पटतो. पक्ष्याचे पंख म्हणजे चामड्याचे हातमोजे फडफडवायचे. सुकं गवत म्हणजे जुन्या कॅसेटमधली टेप, तिचा ढीग करून त्यावर चालायचं, घरात 'ऐकत नाही पण टाकवत नाही' अशा कॅसेट असतीलच. हाड मोडायचं असेल तर गाजर किंवा काकडी ओल्या फडक्यात गुंडाळून पिळा.

ज्यांनी आकाशवाणीवर श्रुतिका ऐकल्यात त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण तिथे तर चित्रच नसायचं, दार वाजलं नाही तर पात्र आलंच नाही. सिनेमावाल्यांनी यातलं बरंचसं रेडिओ आणि रंगभूमीकडूनच उचललंय.

प्रश्न : ढिशूम हा आवाज नक्की कशाचा? (परभणी)

ढिशूम कशाचाच नाही! खरा ठोसा मारून बघा (म्हणजे नका मारू), नुसता थप्प असा बसका आवाज येतो, शेजारच्या खोलीत पण कळणार नाही. पडद्यावर तो थरांनी बनतो. आधी हवा कापल्याचा आवाज, त्याला बारीक वेताची छडी जोरात फिरवायची, मग फटका, त्याला चामड्याच्या जाकिटावर काठी किंवा ओलं टॉवेल आपटायचं, मग आत काहीतरी मोडल्यासारखं, त्याला कोबी किंवा गाजर. कोणी अख्खी कोंबडी आणून बडवतं. कुणाला किती लागलं हे त्या तीन आवाजांच्या प्रमाणावरून ठरतं, हिरोने खाल्लेल्या ठोशात हाड कमी, व्हिलनने खाल्लेल्या ठोशात हाड जास्त. १९६० च्या 'सायको'मध्ये चाकू भोसकल्याचा आवाज खरबुजाच्या जातीतल्या एका फळाचा आहे, वेगवेगळी फळं भोसकून दिग्दर्शक हिचकॉकला ऐकवली होती आणि त्याने त्यातलं एक निवडलं. त्यानंतर मी खरबूज कापताना जरा विचार करतो.

प्रश्न : तलवार म्यानातून काढली की 'श्यिंग', वीज चमकली की त्याच क्षणी कडकडाट. हा मूर्खपणा तुम्हाला दिसत नाही का? (पुणे)

दिसतो काका, दिसतो. आपली म्यानं लाकडाची, वरून चामडं नाहीतर कापड, त्यातून पातं काढलं तर घासल्याचा बारीक आवाज येईल, घंटी कशी वाजेल? विजेचं तर शाळेतलंच गणित आहे, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो म्हणजे एक किलोमीटरवरची वीज ऐकू यायला तीनेक सेकंद लागतात. पण एकदा एका तरुण साउंड डिझायनरने हट्टाने तीन सेकंदांचं अंतर ठेवलं होतं, तर ट्रायल शोला निर्माता म्हणाला आवाज मागे पडलाय, दुरुस्त करा. लोकांच्या कानाला सवय लागलीय आणि ती आम्हीच लावलीय. मी याला मूर्खपणा म्हणणार नाही, पण आळशीपणा म्हणायला माझी हरकत नाही, विशेषतः त्या श्यिंगला.

प्रश्न : आम्ही ताडोब्याच्या जवळ राहतो. प्राण्यांच्या माहितीपटात वाघाचं पाऊल एवढं स्पष्ट ऐकू येतं, आम्हाला तर वाघ शेजारून गेला तरी काही ऐकू येत नाही! (चंद्रपूर)

तुम्ही बरोबर आहात, वाघाचं पाऊल ऐकू यायला लागलं तर बिचारा उपाशी मरेल. कॅमेऱ्याला लांबची लेन्स असते त्यामुळे शंभर-दोनशे मीटरवरून डोळ्यातली बाहुली सुद्धा टिपता येते, पण माइकला तशी लेन्स नसते. तिथे रेकॉर्ड होतं ते म्हणजे वारा, किडे आणि जीपवाल्यांची कुजबुज. हेलिकॉप्टर किंवा ड्रोनमधून घेतलेल्या शॉटला तर नुसती घरघर. आणि स्लो मोशनमध्ये खरा आवाज वापरताच येत नाही. म्हणून जगभरातल्या प्राण्यांच्या माहितीपटांना सुद्धा फॉली होतं, कोळी चालतो तेव्हा त्याच्या पायांचा टिकटिक आवाज ऐकला असेल तर तो कुणाच्या तरी बोटांचा समजा. डरकाळ्या आणि पक्ष्यांचे आवाज मात्र बहुतेक वेळा खरे असतात, फक्त ते त्याच दिवशीचे, त्याच प्राण्याचे असतील असं नाही. मला स्वतःला हे जरा खटकतं, सिनेमात चालेल, माहितीपटात निदान शेवटी एक ओळ लिहायला काय जातं?

प्रश्न : मालिकेत सून दचकली की तीन वेळा धाड धाड धाड का? (डोंबिवली)

एपिसोड रोज जातो, फॉलीला वेळही नाही आणि पैसेही नाहीत. आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या साठ्यातून, म्हणजे लायब्ररीतून उचलतात, एकच दार सगळ्या घरांना. धाड धाड धाड पण तिथलंच. पुढचा प्रश्न.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे, यात करिअर करायचंय, घरचे म्हणतात हे काय काम आहे. आणि एआय आल्यावर हे टिकेल का? (नांदेड)

घरच्यांना सांग की २००९ मध्ये साउंड मिक्सिंगचं ऑस्कर 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी रसूल पूकुट्टींना मिळालं आणि ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेत. ती संस्था म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओची जागा, १९६० पासून. पदवी झाल्यावर साउंडच्या कोर्सची प्रवेश परीक्षा देता येते. पण ते झालं ध्वनीचं एकूण शिक्षण, नुसतं फॉली करायचं तर मी बघितलेले बहुतेक लोक एखाद्या जुन्या माणसाच्या हाताखाली, आधी वस्तू उचलून ठेवत, मग गर्दीची पावलं करत, असे शिकले. परदेशात बरेच जण नाचाकडून इकडे आलेत आणि ते साहजिक आहे, चाल आणि ताल पाहिजे. तू लेझीम खेळला असशील तर अर्धं काम झालंय. पहिली काही वर्षं पैसे कमी, नाव पडद्यावर कुठेतरी अगदी शेवटी, लोक थेटरातून उठून गेल्यावर, आणि कधीकधी तेही राहून जातं. माझंच एका सिनेमात राहिलं होतं, आईला मुद्दाम घेऊन गेलो होतो दाखवायला, ती दिवे लागेपर्यंत बसून राहिली.

एआयचं म्हणशील तर काही पावलं आत्ताच सॉफ्टवेअर बसवतं, मालिकांचं काम तर नक्की जाईल असं मला वाटतं. गर्दी, गाड्या, दारं, जाईल. पाटलांची तेल लावलेली चप्पल मात्र त्याला सांगावी लागेल आणि ती सांगायला आधी कुणाला तरी सुचावी लागेल. मी पन्नाशी पार केली, मला चिंता नाही, तू विचार करून ये.

प्रश्न : मी फोनवर समुद्राचा आवाज रेकॉर्ड केला, घरी ऐकला तर चक्क भजी तळल्यासारखा! फोन खराब आहे का? (इयत्ता सातवी, रत्नागिरी)

फोन ठीक आहे बाळा. तू किनाऱ्यावर असतोस तेव्हा लाट येताना दिसते, मग फुटते, मग मागे जाते, डोळे कानाला सांगत असतात की आता हे ऐक. घरी डोळे नाहीत मदतीला, त्यामुळे नुसतं स्स्स्स उरतं. शिवाय फोन बोलण्यासाठी बनवलेला, त्याला समुद्र म्हणजे मागचा गोंगाट वाटतो आणि तो त्याला दाबायला बघतो. वर वारा थेट माइकमध्ये. एकच लाट पकड, पाण्याच्या अगदी जवळ, जिथे ती वाळूत शिरते तिथे, आणि पूर्ण मागे जाईपर्यंत थांब. वाऱ्यासाठी फोनला जाड लोकरीचा मोजा घाल. तरीही नाही जमलं तर आईकडून मोठं ताट माग, त्यात दोन मुठी साबुदाणा टाक आणि ताट हळूच एका बाजूला कलतं कर, थांब, मग दुसऱ्या बाजूला. घाई करू नको, लाट घाई करत नाही. आणि साबुदाणा परत डब्यात भरून ठेव, एकादशीला लागेल.